एआय कोडिंग असिस्टंट कसा निवडायचा: आपल्याच कोडवर घ्यायची परीक्षा

कोड लिहायला मदत करणारा एआय असिस्टंट म्हणून कोपायलट घ्यायचा, कर्सर घ्यायचा की क्लॉड कोड, हा प्रश्न आता जवळपास प्रत्येक टीमच्या मीटिंगमध्ये निघतो. निर्णय मात्र बहुतेक वेळा एखादा डेमो व्हिडिओ, एखादी क्रमवारी किंवा ‘शेजारची टीम तेच वापरते’ एवढ्यावर होतो. यांपैकी कशातही तुमचा कोड नसतो. तुमची दहा वर्षांची जुनी मोड्यूल्स नसतात, अर्धवट लिहिलेली तिकिटं (कामांच्या आणि तक्रारींच्या नोंदी) नसतात, आणि ‘या फाइलला हात लावू नका’ अशी टीमपुरती माहीत असलेली बंधनंही नसतात.

माझं मत स्पष्ट आहे. असिस्टंटची तुलना तुमच्याच रिपॉझिटरीवर (कोडच्या साठ्यावर), तुम्ही आधीच सोडवलेल्या कामांवर करायला हवी. चार ते दहा जणांच्या टीमला रोजचं काम सांभाळून हे दोन-तीन आठवड्यांत जमतं. ते कसं करायचं, ते पुढे क्रमाने दिलं आहे.

आधी छापील आकड्यांविषयी

असिस्टंटच्या मागे काम करणाऱ्या एआय मॉडेल्सच्या जाहिरातीत दिसणारी चाचण्यांची नावं ओळखून ठेवा. ‘ह्युमनइव्हल’ ही २०२१ची चाचणी. तिच्यात पायथनची १६४ छोटी फंक्शन्स लिहायची असतात. नोकरीतलं काम असं क्वचितच असतं. ‘एसडब्ल्यूई-बेंच’ २०२३मध्ये आली आणि ती पुष्कळ वास्तववादी आहे: १२ ओपन सोर्स पायथन प्रकल्पांमधले २,२९४ खरे प्रश्न. ऑगस्ट २०२४मध्ये त्यांतले ५०० प्रश्न माणसांकडून तपासून ‘व्हेरिफाइड’ संच निघाला. पण त्यातले जवळपास निम्मे प्रश्न एकट्या जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कचे आहेत. तुमचा कोड जावातल्या स्प्रिंग बूटचा किंवा पीएचपीतल्या लाराव्हेलचा असेल, तर त्या गुणांवरून फारसं काही ठरवता येत नाही. शिवाय ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं वर्षानुवर्षं इंटरनेटवर उघडी पडलेली आहेत.

वेगाविषयीचे दोन अभ्यास मात्र शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. गिटहबने २०२२मध्ये ९५ डेव्हलपरांना जावास्क्रिप्टमध्ये एचटीटीपी सर्व्हर लिहायला दिला. कोपायलट वापरणाऱ्यांनी तो ५५ टक्के कमी वेळात पूर्ण केला. मेटर या संशोधन संस्थेने २०२५मध्ये १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपरांना त्यांच्या स्वतःच्या, चांगल्या ओळखीच्या प्रकल्पांवर २४६ कामं दिली. तिथे एआय वापरताना त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला. काम सुरू होण्याआधी त्यांचा अंदाज २४ टक्के वेळ वाचेल असा होता, आणि काम संपल्यावरही त्यांना २० टक्के वेळ वाचल्यासारखंच वाटत होतं.

दोन्ही अभ्यास आपापल्या जागी बरोबर असू शकतात. एकात कोरी पाटी होती, दुसऱ्यात मोठा आणि मुरलेला कोड. तुमच्या टीमचं काम कुठल्या प्रकारात मोडतं, ते तुम्हालाच माहीत. वेग जाणवतो म्हणजे तो असतोच असं नाही, म्हणून वेळ घड्याळ लावूनच मोजायचा, हेही या दुसऱ्या अभ्यासातून घ्यायचं.

कोणाकोणाला परीक्षेला बसवायचं

एडिटरमध्ये लिहिता लिहिता पुढची ओळ सुचवणारी साधनं सर्वांत जुनी. गिटहब कोपायलट जून २०२१मध्ये चाचणीसाठी आणि जून २०२२मध्ये सर्वांसाठी खुला झाला. टॅबनाइन याच वर्गातला. ज्यांना सगळं स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायचं आहे, त्यांना तो सोयीचा पडतो. कर्सर आणि विंडसर्फ हे व्हीएस कोडच्या पायावर उभे केलेले पूर्ण एडिटर आहेत. तिसरा वर्ग टर्मिनलमधल्या एजंटांचा, म्हणजे फाइली वाचणं-बदलणं आणि कमांड चालवणं स्वतःच करणाऱ्या साधनांचा: क्लॉड कोड (फेब्रुवारी २०२५), ओपनएआयचा कोडेक्स सीएलआय (एप्रिल २०२५), गूगलचा जेमिनी सीएलआय (जून २०२५), आणि ओपन सोर्स एडर, जो आपला प्रत्येक बदल गिट कमिट (कोडच्या इतिहासातली एक नोंद) म्हणून नोंदवतो. क्लाइन आणि कंटिन्यू ही ओपन सोर्स एक्स्टेन्शन्स. त्यांत मॉडेल तुम्ही निवडता, ओलामा या प्रोग्रॅममधून स्वतःच्या मशीनवर चालणारंसुद्धा.

या वर्गांच्या भिंती आता पातळ झाल्या आहेत. कोपायलटमध्येही एजंट मोड आहे. त्यामुळे तुलना करताना ‘साधन अधिक मॉडेल’ ही जोडी एक उमेदवार धरा आणि मॉडेलची आवृत्ती लिहून ठेवा. तेच मॉडेल दोन साधनांत वेगळं वागतं, कारण कुठल्या फाइली त्याच्यासमोर ठेवायच्या हे साधन ठरवतं.

तीनच उमेदवार घ्या. इंटेलिजे या एडिटरवर वर्षानुवर्षं काम करणाऱ्या जावा टीमला एडिटर बदलायला लावणं हा खरा खर्च आहे. तिथे प्लगइन किंवा टर्मिनल एजंटच तपासलेला बरा.

पहिली पायरी: परवानगी

हिंजवडीतल्या किंवा ऐरोलीतल्या सर्व्हिस कंपनीत तुम्ही लिहिता तो कोड बहुतेक वेळा ग्राहकाच्या मालकीचा असतो. करारात त्रयस्थ सेवेकडे कोड पाठवण्याबद्दल काय म्हटलं आहे ते आधी वाचा, आणि होकार लेखी घ्या. वैयक्तिक योजना आणि कंपनीसाठीची योजना यांच्या अटी वेगळ्या असतात. दोन प्रश्नांची उत्तरं त्या अटींमध्ये शोधा: आमचा कोड प्रशिक्षणासाठी वापरला जाईल का, आणि तो किती दिवस साठवला जाईल. कोणी आपल्या खासगी खात्यातून ऑफिसचा कोड पेस्ट करत असेल, तर ते परीक्षेच्या आधी थांबवा.

रिपॉझिटरीत पासवर्ड, कीज किंवा खऱ्या ग्राहकांचे फोन नंबर असलेला डेटाबेस डंप पडलेला असेल तर तो काढा. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर हा विषय निव्वळ शिस्तीचा राहिलेला नाही. परवानगी मिळालीच नाही, तर स्थानिक मॉडेल हाच पर्याय; मग परीक्षा त्यांच्यातच घ्या.

दुसरी पायरी: प्रश्नपत्रिका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. प्रश्नपत्रिका चांगली जमली तर पुढचा निकाल जवळपास आपोआप समोर येतो.

गेल्या वर्षभरातली बंद झालेली तिकिटं काढा आणि त्यांतून दहा-बारा निवडा. तिकीट असं हवं की माणसाला अर्धा तास ते अर्धा दिवस लागला असेल, त्याचा बदल एक-दोन कमिटमध्ये नीट वेगळा दिसत असेल, आणि उत्तर बरोबर आहे की नाही हे टेस्टने सांगता येत असेल. टेस्ट नसेल तर ती आधी लिहा. त्यात चार-पाच बग, दोन-तीन छोट्या सुविधा, एखादं रिफॅक्टरिंग (वागणूक न बदलता कोडची रचना सुधारणं) आणि जुन्या कोडला टेस्ट लिहिण्याचं एखादं काम असू द्या. तुमच्या टीमचा निम्मा वेळ एसक्यूएल रिपोर्ट बनवण्यात जात असेल, तर प्रश्नपत्रिकेतही निम्मं एसक्यूएल हवं.

दोन प्रश्न मुद्दाम अवघड ठेवा. एका तिकिटात आवश्यक माहितीच नसावी, उदाहरणार्थ ‘सवलत चुकीची लागते’ एवढंच. चांगला असिस्टंट इथे थांबून विचारतो. वाईट असिस्टंट एखादा नियम गृहीत धरून आत्मविश्वासाने कोड लिहून मोकळा होतो. दुसऱ्या तिकिटात लक्षण एका फाइलमध्ये आणि कारण दुसऱ्याच मोड्यूलमध्ये असावं. जो लक्षणावरच पट्टी बांधतो, तो इथे उघडा पडतो.

आता मांडणी. दुरुस्तीच्या लगेच आधीच्या कमिटवर जायचं, हे उघड आहे. पण नुसतं चेकआउट करू नका, आणि वर्कट्रीही (त्याच रिपॉझिटरीला जोडलेलं दुसरं फोल्डर) वापरू नका. दोन्हींत पूर्ण इतिहास जागेवरच असतो, आणि एजंट गिट लॉग चालवून पुढची दुरुस्ती शोधून काढू शकतो. ‘गिट आर्काइव्ह’ने त्या कमिटचा कोड बाहेर काढा, नव्या फोल्डरमध्ये नवं रिपॉझिटरी सुरू करा आणि त्यात एकच कमिट ठेवा. मूळ दुरुस्तीसोबत आलेल्या टेस्ट वेगळ्या जागी ठेवा आणि काम संपल्यावरच चालवा.

तिकिटाचा मजकूर सुधारून देऊ नका. तुमच्याकडे तिकिटं अर्धी इंग्रजी, अर्धी मराठी अशी लिहिली जात असतील तर तशीच द्या. उद्या रोज तीच द्यायची आहेत.

तिसरी पायरी: देवनागरीचा पेपर

तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी नावं, पत्ते किंवा रकमा येत असतील, मग ते पतसंस्थेचं असो, शाळेचं असो की ग्रामपंचायतीचं, तर हा पेपर घ्याच. साधनांमधला फरक इथे फार पटकन दिसतो, कारण तयार उदाहरणं बहुतांशी इंग्रजी मजकुराची असतात.

पहिला प्रश्न लांबीचा. ‘मराठी’ या शब्दात वाचणाऱ्याला तीन अक्षरं दिसतात, पण जावास्क्रिप्टची लेंग्थ ५ सांगते, कारण काना आणि वेलांटी वेगळे मोजले जातात. ‘ओळखपत्रावर नाव पंधरा अक्षरांत कापा’ असं काम द्या. साध्या स्लाइसने नाव तोडून शेवटी लोंबता हलन्त सोडला की नापास. इंटल सेगमेंटरसारखी अक्षरगट ओळखणारी सोय स्वतःहून वापरली तर पूर्ण गुण.

दुसरा प्रश्न व्हॅलिडेशनचा. जावास्क्रिप्टमध्ये रेगेक्सचा (मजकुराचे नमुने शोधणाऱ्या भाषेचा) ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’, म्हणजे ‘शब्दातलं कुठलंही अक्षर’, देवनागरी ओळखतच नाही. पायथनचं मूळ आरई मोड्यूल मुळाक्षरं ओळखतं पण काना-मात्रा सोडून देतं, त्यामुळे ‘मराठी’मधून ‘मर’ आणि ‘ठ’ असे तुकडे हाती येतात. नाव तपासणारं फंक्शन लिहायला सांगा आणि ‘श्रीकृष्ण’ देऊन बघा.

तिसरा प्रश्न आकड्यांचा. ‘एमआर-आयएन’ लोकेल (भाषा आणि देशाची सेटिंग, इथे मराठी-भारत) दिलं की ब्राउझर १२,३४,५६७ असे देवनागरी अंक छापतो. तेच मूल्य पुन्हा वाचताना जावास्क्रिप्टचं पार्सइंट त्यातून काहीच काढू शकत नाही, पण पायथनचं इंट ‘१२३’ सरळ स्वीकारतं. फ्रंटएंड आणि बॅकएंड दोन्हींना स्पर्श करणारं काम द्या. असिस्टंटला हा फरक लक्षात येतो का ते पाहा.

चौथा प्रश्न क्रमाचा, आणि माझ्या मते सर्वांत बोलका. कुलकर्णी, हर्डीकर, क्षीरसागर, जोशी ही आडनावं मराठी वर्णमालेनुसार लावायला सांगा. नुसत्या युनिकोड क्रमाने क्षीरसागर कुलकर्णींच्या लगेच मागे येतात. मराठी क्रमात क्ष आणि ज्ञ अगदी शेवटी, ‘ह’ आणि ‘ळ’ यांच्याही नंतर येतात. लोकेलनुसार क्रम लावणारी सोय हवी हे असिस्टंटला सुचलं पाहिजे.

आणखी एक छोटी कसोटी: ‘ॲ’ हे एकच चिन्ह म्हणूनही लिहिता येतं आणि ‘अ’वर चंद्र देऊनही. दिसायला सारखे असले तरी युनिकोडचं नॉर्मलायझेशन (सारख्या चिन्हांना एकाच रूपात आणणं) हे दोन प्रकार एक करत नाही. ‘ॲड.’ शोधल्यावर निम्मे वकील यादीत सापडत नाहीत ही तक्रार तिकीट म्हणून द्या.

चौथी पायरी: परीक्षा घेणं

एकाच माणसाने एकच काम दोन साधनांवर करू नये. दुसऱ्या वेळी त्याला उत्तर माहीत असतं आणि नकळत प्रॉम्प्टमध्ये (असिस्टंटला लिहून दिलेल्या सूचनेत) ते उतरतं. कामं आणि माणसं फिरवून तक्ता बनवा.

सर्व साधनांना सूचनांची फाइल सारखीच द्या. बरीच साधनं ‘एजंट्स डॉट एमडी’ वाचतात, क्लॉड कोडची फाइल ‘क्लॉड डॉट एमडी’; नाव बदललं तरी मजकूर तोच ठेवा. बिल्ड कसं करायचं, टेस्ट कशा चालवायच्या, कुठल्या फोल्डरला हात लावायचा नाही आणि एरर हाताळण्याची टीमची पद्धत, एवढं अर्ध्या पानात लिहा. ही फाइल न देता घेतलेली परीक्षा जवळपास निरुपयोगी असते.

प्रत्येक कामाला नवं सेशन, ठरलेली वेळमर्यादा आणि पहिल्या प्रॉम्प्टनंतर जास्तीत जास्त तीन सूचना. त्यात जमलं नाही तर ‘नाही जमलं’ अशी नोंद करून पुढे जा. मॉडेल्स त्याच प्रश्नाला दर वेळी वेगळं उत्तर देऊ शकतात, म्हणून महत्त्वाची तीन-चार कामं पुन्हा एकदा चालवून पाहा. एकदा जमलं आणि दुसऱ्यांदा फसलं, हीसुद्धा मोलाची माहिती आहे.

पाचवी पायरी: काय लिहून ठेवायचं

लपवलेल्या टेस्ट पास झाल्या का, हे अर्थातच. पण वेळ मोजताना कोड तयार होईपर्यंतचा वेळ धरू नका. मर्ज करण्याजोगा (मुख्य कोडमध्ये मिसळण्याजोगा) होईपर्यंतचा धरा, म्हणजे वाचणं, शंका काढणं, दुरुस्त करणं यांसकट. स्टॅक ओव्हरफ्लोच्या २०२५च्या पाहणीत डेव्हलपरांची सर्वांत मोठी तक्रार ‘जवळपास बरोबर, पण पूर्ण बरोबर नाही’ अशा उत्तरांची होती. तो ‘जवळपास’ निस्तरण्याचा वेळ याच रकान्यात पकडला जातो.

मला सर्वांत उपयोगी वाटणारा आकडा डिफच्या, म्हणजे बदललेल्या ओळींच्या, लांबीचा आहे. माणसाने आठ ओळींत केलेली दुरुस्ती असिस्टंटने दीडशे ओळींत केली असेल, तर टेस्ट पास झाल्या तरी खुश होऊ नका. त्या ओळी पुढची पाच वर्षं कोणीतरी वाचणार आहे. रिव्ह्यू करणाऱ्या सिनिअरला डिफ कुठल्या साधनाचा आहे ते सांगू नका; नाव दिसलं की मत बदलतं.

काही गोष्टी दिसल्या की लाल शेरा द्या. टेस्ट पास व्हावी म्हणून टेस्टच बदलणं किंवा वगळणं. सगळे एक्सेप्शन गिळून टाकणारा ट्राय-कॅच. न सांगता दुसऱ्या फाइलींची ‘साफसफाई’. आणि काम झालं असं सांगताना न चालवलेल्या टेस्ट चालवल्याचा दावा. असा दावा करणाऱ्या साधनाला बाकीचे गुण कितीही चांगले असले तरी मी पुढे नेणार नाही.

सहावी पायरी: सुरक्षितता

न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१मध्ये कोपायलटला ८९ प्रसंग दिले. त्यातून तयार झालेल्या १,६८९ प्रोग्रॅम्सपैकी सुमारे ४० टक्क्यांमध्ये सुरक्षेच्या त्रुटी निघाल्या. मॉडेल्स तेव्हापासून पुष्कळ सुधारली, पण तपासायच्या जागा त्याच आहेत: स्ट्रिंग जोडून बनवलेली एसक्यूएल क्वेरी, न तपासलेला फाइल पाथ, कोडमध्येच लिहिलेली की. दोन कामं अशी ठेवा की घाईत ही चूक सहज होईल.

नवीन पॅकेज आलं की थांबा. मॉडेल्स कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचं नाव सुचवतात, आणि तेच नाव हेरून कोणी दुष्ट कोड एनपीएम किंवा पायपीआय या पॅकेजांच्या सार्वजनिक साठ्यांवर चढवू शकतं. पॅकेज कधीपासून आहे, कोण सांभाळतं, हे पाहिल्याशिवाय इन्स्टॉल नको.

टर्मिनल एजंटला कंटेनरमध्ये (बाकी मशीनपासून वेगळ्या कप्प्यात) चालवा आणि प्रॉडक्शनचा कुठलाही पासवर्ड त्याच्या हाती लागू देऊ नका. जुलै २०२५मध्ये रेप्लिटच्या एजंटने बदल गोठवण्याची सूचना असतानाही एका वापरकर्त्याचा चालू डेटाबेस पुसला. ‘करू नको’ असं प्रॉम्प्टमध्ये लिहिणं ही विनंती झाली. परवानगीच न देणं हा बंदोबस्त. बाहेरून आलेल्या तिकिटात किंवा रीडमीमध्ये लपवलेल्या सूचना एजंट पाळतो का, हेही एका खोट्या तिकिटाने तपासा.

सातवी पायरी: पैसे

सुरुवातीच्या वैयक्तिक योजना साधारण महिना १० ते २० डॉलरच्या घरात असतात. त्यावर १८ टक्के जीएसटी आणि कार्डाचं परकीय चलनाचं शुल्क धरा. टोकनवर (मॉडेल मजकुराचे जे छोटे तुकडे करतं त्यांवर) पैसे आकारणाऱ्या साधनांत हिशोब वेगळा: एजंट प्रत्येक फेरीत आधीचा संदर्भ पुन्हा पाठवतो, त्यामुळे लांबलेलं सेशन महाग होत जातं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये ३ बाइट घेतं आणि मराठी मजकुराला इंग्रजीपेक्षा सहसा जास्त टोकन लागतात, हेही लक्षात असू द्या.

महिन्याच्या बिलापेक्षा ‘स्वीकारलेल्या एका कामामागे किती’ हा आकडा काढा, आणि त्यात रिव्ह्यू करणाऱ्याच्या तासांचे पैसे मिळवा. बहुतेक टीममध्ये हे तास वर्गणीपेक्षा कितीतरी महाग ठरतात. त्यामुळे दुप्पट किमतीचं पण छोटे, नीट डिफ देणारं साधन शेवटी स्वस्त पडू शकतं.

निर्णय

सगळ्या गुणांची बेरीज करून पहिला नंबर काढू नका. कामाच्या प्रकारानुसार पाहा. टेस्ट लिहायला एक साधन उत्तम आणि जुन्या कोडमधले बग शोधायला दुसरं, असा निकाल लागला तर दोन्ही घ्या. किंवा ज्या कामात तुमचा जास्त वेळ जातो त्यातलं एकच घ्या. जुना, मोठा कोड सांभाळणाऱ्या टीमने डिफची लांबी आणि न विचारता केलेले बदल यांना सर्वाधिक वजन द्यावं. नवं उत्पादन उभं करणाऱ्यांना वेगाला वजन देणं परवडतं.

फ्रेशर्ससाठी वेगळा नियम करा, आणि तो मनापासून पाळा. पहिले काही महिने त्यांनी कोड आधी स्वतः लिहावा, मग असिस्टंटकडून त्याचा रिव्ह्यू मागावा. जो बग स्वतः शोधलेला नाही, त्याचं कारण रिव्ह्यूमध्ये समजावून सांगता येत नाही, आणि पुढच्या वर्षी त्या मोड्यूलची जबाबदारी त्यांच्यावरच येणार असते.

प्रश्नपत्रिका, लपवलेल्या टेस्ट आणि नोंदींचा तक्ता एका खासगी रिपॉझिटरीत ठेवा. मॉडेलची नवी आवृत्ती आली की आधी त्यातली चार कामं चालवा: अपुऱ्या माहितीचं तिकीट, दुसऱ्या मोड्यूलमधला बग, आडनावांचा क्रम आणि तुमच्या कोडमधलं सर्वांत जुनं काम. निकाल आधीच्या तक्त्यापेक्षा स्पष्टपणे वेगळा दिसला, तरच पूर्ण परीक्षा पुन्हा घ्या. दर तिमाहीला दोन जुने प्रश्न काढून त्यांच्या जागी नुकतीच बंद झालेली दोन तिकिटं टाका.